परदेशी जाताना नागपुरात घर बांधताय? खर्च फुगवणाऱ्या या चुका टाळा

व्हिसा हातात आला की घरात एक वाक्य हमखास निघते: "प्लॉट पडून आहे, जायच्या आधी बांधकाम तरी सुरू करून टाकू." इथूनच बजेट बिघडायला लागते. सिमेंट-लोह्याचे भाव वाढतात ते वेगळेच. त्याहून जास्त पैसा जातो तो मालक साइटवर नसताना घेतल्या गेलेल्या निर्णयांत आणि न लिहिलेल्या अटींत.

चौरस फुटाच्या दरालाच पूर्ण खर्च समजणे

समजा १,२०० चौरस फुटांचे काम २,००० रुपये दराने ठरले. मालकाच्या डोक्यात २४ लाखांचा आकडा पक्का बसतो. पण या दरात सहसा काय नसते ते पाहा: कंपाउंड वॉल, गेट, बोअरवेल, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, एलिव्हेशनचे काम, किचन ट्रॉली, कपाटे, महावितरणचे कनेक्शन, नळजोडणी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, नकाशा मंजुरीचे शुल्क. ३० बाय ५० च्या प्लॉटचा घेर १६० फूट. गेटचे १० फूट सोडले तरी १५० फूट भिंत उरते, तीही स्वतंत्र पायासकट. हे सगळे 'नंतर बघू' या खात्यात जाते आणि नंतर बघायला तुम्ही नसता.

मोजणीचाही घोळ असतो. बाल्कनी, पोर्च, जिन्यावरची टॉवर रूम आणि छज्जे पूर्ण धरायचे, अर्धे की धरायचेच नाहीत, हे करारात लिहून घ्या. "स्लॅब एरियावर दर" एवढेच लिहिले असेल तर ठेकेदार सगळे पूर्ण धरतो, आणि त्याची चूकही म्हणता येत नाही.

मग येतो जीएसटी. माल-मजुरीसकट ठेका नोंदणीकृत ठेकेदाराला दिला तर १८ टक्के लागतो, म्हणजे २४ लाखांवर ४ लाख ३२ हजार. एकट्या स्वतंत्र घरासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला तर मजुरीवर जीएसटी माफ आहे. माल तुम्ही बिलाने घेता, त्यावरचा कर दुकानातच भरला जातो. म्हणून दर ठरवतानाच "करासह की कर वेगळा" हे विचारा. स्वतःचे घर ५० लाखांवरचे असेल (नोव्हेंबर २०२५ पूर्वी ही मर्यादा १० लाख होती) तर बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकरही असतो, तोही बहुतेकांच्या कागदावर नसतो.

शेजाऱ्याचा पाया बघून आपला ठरवणे

नागपूरची जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला नीससारखा जुना खडक आणि वर कुठे दोन फूट, कुठे दहा फूट काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, तिच्यातच बसवले तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरप्या भेगा पडतात आणि दारे घासायला लागतात.

शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून तुम्हालाही लागेल असे नाही. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन किंवा बोअर मारून माती तपासा, तो अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या, आणि पाया किती खोल, कोणत्या प्रकारचा हे त्यालाच ठरवू द्या. तपासणीचा खर्च वाचवू नका. प्लिंथमधली (जमिनीपासून फरशीपर्यंतच्या जोत्यातली) काळी माती काढून मुरूम भरायचा, सहा ते आठ इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकून बसवायचा, हे करारात असू द्या. "भरती अलग" असे लिहिले असेल तर किती ब्रास आणि कुठल्या दराने, तेही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपर आतून मोजा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १००.

वाळवीचे औषध पायाच्या आणि प्लिंथच्या टप्प्यातच मारले जाते. घर बंद राहणार असेल तर ते वगळू नका. फरशी बसल्यावर तेच काम छिद्रे पाडून करावे लागते.

पैसा तारखेवर पाठवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. "दर महिन्याला दोन लाख पाठवतो" किंवा "स्लॅब पडला की सत्तर टक्के", असे करार सर्रास होतात. पण ढाच्याचा खर्च साधारण एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास असतो. स्लॅबपर्यंत सत्तर टक्के गेले तर उरलेल्या तीस टक्क्यांत प्लास्टर, फरशी, वायरिंग, नळकाम, खिडक्या, रंग करायला ठेकेदाराला परवडतच नाही. मग मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो, तुम्ही तिकडून फोन करत राहता, आणि शेवटी दुसरा ठेकेदार दीडपट दर सांगतो.

आमच्या मते वाटणी अशी असावी: सुरुवातीला ५ टक्के, प्लिंथ पूर्ण झाल्यावर १५, स्लॅब पडून सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) निघाल्यावर २५, वीटकामावर १५, प्लास्टर आणि आतल्या पाइपांवर १५, फरशी-दारे-खिडक्यांवर १५, रंग आणि नळ-वीज तपासून झाल्यावर ५, आणि एक पावसाळा गळतीशिवाय गेल्यावर शेवटचे ५. शेवटच्या पाच टक्क्यांवर ठेकेदार कुरकुर करेल. ऐकू नका.

प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची सही ठेकेदाराची नको, नात्यातल्या मामा-काकांचीही नको. दर भेटीचे ठरावीक पैसे घेणारा स्वतंत्र इंजिनिअर ठेवा. नातेवाइकाला वाईटपणा घ्यावा लागतो, इंजिनिअरला लागत नाही.

फोटोवर भरवसा

ठेकेदार फोटो पाठवतो ते चांगल्या बाजूचे. तुम्ही आकडे मागा. १२ मिमीची १२ मीटर लांब सळाख साधारण १०.६५ किलो भरायला हवी. १० किलोच्या खाली गेली तर माल हलका आहे. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरमागे किलोचे सूत्र सगळ्या जाडींना चालते. लोह्याची गाडी धर्मकाट्यावर रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलून पावती घ्या.

स्लॅबचा हिशेबही सोपा आहे. १,२०० चौरस फूट, पाच इंच जाडी म्हणजे ५०० घनफूट काँक्रीट. दीडास तीन, म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टीच्या १:१.५:३ मिश्रणाला बीम सोडून सुमारे ११० गोण्या सिमेंट लागते. ढलाई झाली की रिकाम्या गोण्या मोजून त्याचा व्हिडिओ मागा. मोठी तफावत दिसली तर २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचा (काँक्रीटचा ठोकळा दाबून मजबुती तपासण्याचा) अहवाल येईपर्यंत हप्ता थांबवा. त्यासाठी ढलाईच्या दिवशीच क्यूब भरलेले हवेत, नंतर ते भरता येत नाहीत.

नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तराई (काँक्रीट सतत ओले ठेवणे) म्हणजे निम्मी मजबुती. मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवे. या उन्हात १४ धरा, आणि स्लॅबवर कडेने छोटे बांध घालून, आळी करून पाणी साठवा. नेमक्या याच दिवसांत बोअर आटतात, म्हणून टँकरचे पैसे कोणाचे हे आधीच लिहा. सेंटरिंगचे भाडे वाचवायला टेकू लवकर काढले जातात: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्याच्या आत नाही.

पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, त्यामुळे जूनच्या आधी लागेल तेवढी रेती घेऊन ठेवावी, नाहीतर क्रश्ड सँडसाठी (दगड फोडून केलेल्या रेतीसाठी) तयार राहावे. ओली रेती फुगलेली दिसते, ब्रासमध्ये मोजताना हे लक्षात असू द्या.

मुखत्यारपत्र आणि खाते विसरणे

जाण्याआधी नागपुरातच दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा. तिकडे गेल्यावर केले तर भारतीय दूतावासातून साक्षांकन किंवा अपोस्टिल, आणि कागद इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, एवढा खटाटोप होतो. मुखत्यारपत्रात नकाशा मंजुरी, वीज-पाणी, करारावर सही आणि गृहकर्जाचा हप्ता उचलणे एवढेच अधिकार द्या. विक्रीचा अधिकार देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

अनिवासी झाल्यावर जुने बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातले रुपयांतले खाते) करून घ्यावे लागते आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवावे लागते. प्लॉट आरएल (नियमित झाल्याचे रिलीज लेटर मिळालेला) झालेला नसेल, सातबाऱ्यावर अजून शेती असेल, तर बँक कर्जाला हात लावत नाही. शिवाय अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची मात्र ठेवता येते.

बिले न ठेवणे

रोखीने थोडे स्वस्त मिळते म्हणून बिल सोडणारे बरेच. पण पुढे हे घर विकताना बांधकामाचा खर्च नफ्यातून वजा होतो तो कागद असेल तरच. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि त्याआधीच्या मालमत्तेवर इंडेक्सेशनचा (महागाईनुसार खरेदीचा खर्च वाढवून धरण्याचा) पर्याय निवासींना उरला, अनिवासींना नाही. दहा लाखांची बिले हरवली तर सव्वा लाखाचा कर जादा, वर सेस. विकत घेणारा तुम्ही अनिवासी म्हणून विक्रीवरच टीडीएस कापतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र मागायला गेलात की तिथेही हीच बिले लागतात. प्रत्येक बिलावर स्वतःचे नाव आणि साइटचा पत्ता घ्या, आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा, ठेकेदाराकडे नाही.

अर्धवट ठिकाणी काम थांबवणे

विमान सुटायला दोन महिने उरले असतील तर प्लिंथ बीमपर्यंत करून थांबा, किंवा सुरूच करू नका. उघड्या फुटिंगवर एक पावसाळा गेला की खड्ड्यांत पाणी साचते, कडा ढासळतात आणि उपसा पुन्हा करावा लागतो. कॉलमच्या बाहेर राहिलेल्या सळाखींना सिमेंटचा दाट लेप द्या, नाहीतर काम पुन्हा सुरू करताना आधी ब्रशने गंज घासण्यात मजुरी जाईल.