सहावी-सातवीतील मुलांच्या पालकांसाठी : न्यू जर्सीतील 'व्होटेक' शिक्षण

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना मी घर, विमा आणि वाहनपरवाना यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आवर्जून सांगत असतो : मूल सहावी-सातवीत असेल, तर 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन'ची, म्हणजे इथे सर्रास ज्याला 'व्होटेक' (व्होकेशनल-टेक्निकल) म्हणतात त्या व्यवसाय-तंत्रशिक्षणाची, चौकशी आताच करावी. 'व्होकेशनल' हा शब्द कानांवर पडताच आपल्याला आयटीआय आठवते आणि ती अभ्यासात मागे पडलेल्या मुलांची वाट आहे, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. मीही तसेच ठरवले होते. त्यापायी थोरल्या मुलाच्या अर्जाची मुदत टळून गेली, याची रुखरुख मला आजही आहे.

राज्यात 21 काउंटी (जिल्हे) असून त्या सर्वांत अशा सरकारी शाळांची सोय आहे. काउंटीतील रहिवाशांना शिकवणीची फी पडत नाही. आपली वस्ती दाट असलेल्या मिडलसेक्स काउंटीत एडिसनच्या शाळेत अभियांत्रिकीवर, तर वुडब्रिजच्या शाळेत आरोग्यशास्त्रावर भर आहे. वाहनदुरुस्ती, वेल्डिंग, स्वयंपाक यांसारखे विषय इतर शाळांत शिकवले जातात. प्रवेश नववीला मिळत असला तरी अर्ज आठवीच्या पहिल्या सहामाहीतच भरावा लागतो आणि त्यात सातवीचे गुणही पाहिले जातात. म्हणून आठवीत जागे होणे उशिराचे ठरते.

धाकट्या मुलीला मी सातवीतच 'ओपन हाऊस'ला, म्हणजे पालक-मुलांना शाळा दाखवण्याच्या कार्यक्रमाला, नेले. आरोग्यशास्त्राच्या वर्गात अकरावीतली एक विद्यार्थिनी पलंगावरच्या पुतळ्याला न उचलता त्याच्याखालची चादर बदलून दाखवत होती : रुग्णाला कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, नवी तिच्यालगत पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. तिने माझ्या मुलीलाही ते करू दिले. 'मोठेपणी कोण होणार?' या प्रश्नाला घरी कधी उत्तर न देणारी ती मुलगी परतीच्या वाटेवर गाडीत फक्त त्या चादरीबद्दल बोलत होती. या वयात मुलांना विचारण्यापेक्षा त्यांच्या हाती काम द्यावे, असे माझे ठाम मत त्या दिवशी झाले. प्रत्यक्ष काम करत शिकवणाऱ्या, पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. अमेरिकेच्या 2018च्या केंद्रीय कायद्याने या शिक्षणाचा निधी पाचवीपासून वापरण्याची मुभा दिली आहे. तेव्हा आपल्या मिडल स्कूलमध्ये असे ओळखवर्ग आहेत का, हे काउन्सेलरना विचारावे.

एच-4 व्हिसावरील (एच-1बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) मुलांच्या पालकांनी एक बाब नीट लक्षात घ्यावी. या मुलांना शाळेत शिकण्याची पूर्ण मोकळीक आहे, पण पगारी काम करता येत नाही. वरच्या इयत्तांत काही अभ्यासक्रमांत पगारी उमेदवारी असते. तिच्याऐवजी विनावेतन कोणता पर्याय आहे आणि तो आपल्या व्हिसात बसतो का, हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

सप्टेंबरात शाळा सुरू होताच ओपन हाऊसच्या तारखा मिळवाव्यात. भाड्याच्या घरात असाल, तर भाडेकरार आणि विजेचे बिल आपल्या नावावर असू द्यावे, कारण काउंटीतील रहिवासाचा पुरावा मागितला जातो.