शेपटीतला एक ग्रॅम

रॉकेट ग्लायडर, म्हणजे छोट्या रॉकेट इंजिनानं वर जाऊन तरंगत उतरणारं हलकं विमान, बांधायला घ्याल तेव्हा ब्लेडच्या आधी वजनकाटा बाहेर काढा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. भोसरीच्या टूलरूममध्ये मी ३२ वर्षं मायक्रोमीटर वापरला, पण या कामात काटाच खरा. माझ्याकडे बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन फळ्या आहेत, दोन्ही १०० मिमी रुंद, मीटरभर लांब, २ मिमी जाड. एक भरते २१ ग्रॅम, दुसरी ३४. डोळ्यांना अगदी सारख्याच. म्हणून फळी घरी आली की आधी वजन करायचं आणि पेन्सिलीनं तिच्यावरच लिहून ठेवायचं. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा वजन कोरड्या खोलीत करा.

सगळ्यात हलकी फळी शेपटीसाठी राखून ठेवा. तोलाच्या बिंदूपासून शेपूट ३० सेंमी मागे आणि नाक १० सेंमी पुढे असेल, तर शेपटीतला १ ग्रॅम सावरायला नाकात ३ ग्रॅम चिकणमाती लागते. एकाचे चार होतात! शेपटीला दीड मिमी बाल्सा भरपूर झाला. रंग लावू नका. आकाशात दिसावी म्हणून कडेला मार्करची एक रेघ ओढा.

पंखात मात्र कंजुषी करू नका. गेल्या वर्षी नातीच्या ग्लायडरला मी दीड मिमीचे पंख लावले. इंजिन पेटलं, वेग आला, पंख फडफडले आणि मुळापासून फाटले. ती काही बोलली नाही, तुकडे गोळा करत राहिली. ते मला फार लागलं. आता १८ मिमी व्यासाच्या ए८-३ या छोट्या रॉकेट इंजिनासाठी मी ३ मिमी बाल्सा घेतो, लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेनं ठेवतो आणि मागची कड पॉलिश पेपरनं १ मिमीपर्यंत उतरवतो. फळीवर चकाकणारे बारीक ठिपके असतील आणि रुंदीत वाकवताना ती हट्ट करत असेल, तर ती पंखासाठी. सहज गोल वळणारी फळी नळीसारख्या भागांना ठेवा.

मधल्या दांड्याला ४ मिमीची पोकळ कार्बन नळी उत्तम. ३० सेंमीला जेमतेम अडीच ग्रॅम. कापताना तोंडाला मास्क बांधा, ती पूड छातीत जाऊ देऊ नका. नळी नसेल तर बुरूड आळीतून बांबूची सरळ कामटी आणा आणि शेपटीकडे निमुळती तासा.

डिंकाचंही वजन असतं. सांधा आधी कोरडा जुळवून पाहा, फट दिसली तर लाकूड घासा, फट फेविकॉलनं भरू नका. फेविक्विकचा एक थेंब सांध्यात आपोआप ओढला जातो. थर्माकोलवर मात्र तो चालत नाही, थर्माकोल विरघळतो.

इंजिन तयार, कारखान्यात बनलेलंच घ्या. घरी दारू भरायच्या फंदात कुणीही पडू नये, मुलांनी तर मुळीच नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उडवू नका, तिथलं वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं. परवानगी घेतलेलं मोकळं मैदानच बघा.

तिथेही आधी इंजिनाची नळी काढून ग्लायडर छातीच्या उंचीवरून सपाट फेका. नाक वर करून थबकला तर नाकात अर्धा ग्रॅम माती वाढवा, सूर मारला तर तेवढीच काढा. सलग पाच वेळा सरळ तरंगत उतरला की मगच इंजिन बसवा.