गटातल्या गप्पांचे जाळे कसे मोजावे

ऑनलाइन गटात कोण कोणाला उत्तर देते, कोण दोन टोळक्यांना जोडून ठेवते, कोण नुसते वाचत बसते, हे तपासायला फार मोठी सामग्री लागत नाही. चाळीस-पन्नास जणांचा गट, तीन महिन्यांचे संदेश, एक स्प्रेडशीट आणि गेफी हे जाळी काढणारे-मोजणारे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर नीट अभ्यास होतो. तो फसतो तो बहुधा सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीच, कारण ‘दुवा’ म्हणजे नेमके काय आणि गटाची हद्द कुठे, हे कोणी ठरवलेलेच नसते.

आधी दुवा ठरवा

दोन माणसांना जोडणारी रेघ कशासाठी ओढणार, हे एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘तीन महिन्यांत अ ने ब च्या संदेशाला थेट उत्तर दिले असेल, तर अ कडून ब कडे दुवा, जितकी उत्तरे तितके वजन.’ यात दिशा, कालावधी आणि वजन या तिन्ही गोष्टी आल्या. लाइक, उत्तर, फॉरवर्ड आणि नावाचा उल्लेख या चार वेगळ्या कृती आहेत. त्यांची बेरीज करून एकच आकडा काढला तर तो कशाचा आहे हे नंतर सांगता येत नाही. चारही हव्या असतील तर चार वेगळी जाळी करा.

हद्दही तशीच लिहून ठेवा. कालावधीच्या मध्यात आलेले आणि सोडून गेलेले सदस्य धरायचे का? गट चालवणाऱ्याचे सूचनावजा संदेश? शुभेच्छांचा पूर? आमचा कल शुभेच्छा वेगळ्या खुणेने ठेवण्याकडे असतो. सरसकट पुसल्या तर काही माणसांचा गटातला एकमेव सहभागच पुसला जातो.

संमती

जाळ्याच्या अभ्यासात एक पेच असतो: एखाद्याने नकार दिला तरी इतरांनी त्याला दिलेल्या उत्तरांतून तो आकृतीत येतोच. म्हणून नकार देणाऱ्याच्या सगळ्या रेघा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या, काढणार असल्याचे आधीच कळवा, आणि किती जण वगळले तो आकडा अहवालात द्या. नावांच्या जागी क्रमांक घाला. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवा. तेवढ्याने ओळख लपतेच असे नाही. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती नावे काढून संशोधनासाठी खुली केली होती. ते विद्यापीठ हार्वर्ड आहे हे सोबतच्या वर्णनावरून थोड्याच दिवसांत ओळखले गेले. सार्वजनिक ठिकाणचा संदेश जसाच्या तसा छापू नका. शोधयंत्रात टाकला की लिहिणारा सापडतो.

संदेश गोळा करणे आणि साफ करणे

व्हॉट्सअ‍ॅपमधून ‘एक्सपोर्ट चॅट’ने मिळणारी मजकूर-फाइल हाताळायला सोपी, पण कोणता संदेश कोणत्या संदेशाला उत्तर होता ही नोंद तिच्यात येत नाही. टेलिग्रामच्या डेस्कटॉप आवृत्तीतून जेसन (प्रत्येक नोंदीचे घटक नावानिशी वेगळे ठेवणारी मजकूर-फाइल) स्वरूपात निर्यात केली तर उत्तरासोबत मूळ संदेशाचा क्रमांक मिळतो. उत्तरांचा अभ्यास करायचा असेल तर हा फरक निर्णायक आहे.

फक्त मजकूर-फाइलच हाती असेल तर ‘प्रत्येक संदेश आधीच्या संदेशाला उत्तर’ असा नियम लावण्याचा मोह होतो. गटात एकाच वेळी दोन विषय चालू असले की तो नियम कोलमडतो. त्याऐवजी सलग २०० संदेश घ्या, दोघांनी एकमेकांचे न बघता ‘हे कोणाला उत्तर?’ असे हाताने नोंदवावे आणि नियम किती ठिकाणी बरोबर येतो ते मोजावे. दर पाचांतला एक दुवा चुकत असेल तर नियम सोडून हातानेच नोंद केलेली बरी. आणि दोघांचेच आपसात जमत नसेल, तर दोष नोंदवणाऱ्यांचा नसून दुव्याच्या व्याख्येचा असण्याची शक्यता अधिक.

साफसफाईत हमखास नडणाऱ्या गोष्टी अशा. व्हॉट्सअ‍ॅपच्या निर्यातीत नावे ती काढणाऱ्याच्या फोनमध्ये जशी सेव्ह असतील तशी येतात. दोन फोनांतल्या फाइली एकत्र केल्या तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. नंतर सामील झालेल्याच्या फोनमध्ये आधीचे सगळे संदेश नसतात, म्हणून फाइल सर्वांत जुन्या सदस्याकडून घ्या. तारखेत दिवस आधी की महिना, हे फोनच्या सेटिंगवर ठरते. ०५/०६ म्हणजे काय ते महिन्याच्या बाराव्या तारखेनंतरच्या ओळी पाहून पक्के करा. अनेक ओळींचा संदेश वाचताना तुटतो आणि दुसऱ्या ओळीपासून पुढचा मजकूर बिननावाचा होतो. ‘अमुक सामील झाले’ हे यंत्राचे संदेश काढून टाका.

प्रश्नावली वापरायची असेल तर सदस्यांची पूर्ण यादी समोर ठेवून खुणा करायला सांगा. ‘पाच नावे लिहा’ म्हटले की सहावे नाव कायमचे गळते. शिवाय आठवणीवर फार विसंबू नका. बर्नार्ड, किलवर्थ आणि सेलर या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांची आठवण आणि त्यांचा प्रत्यक्ष संवाद ताडून पाहिला, तेव्हा दोन्हींत मोठी तफावत निघाली. ‘कोण जवळचे वाटते’ याला प्रश्नावली चांगली. ‘कोण किती बोलले’ याला नोंदी.

दोन फाइली

एक फाइल माणसांची, एक दुव्यांची. माणसांच्या फाइलीत क्रमांक आणि हवी ती माहिती (भूमिका, सामील झाल्याची तारीख). दुव्यांच्या फाइलीत सोर्स, टार्गेट, टाइप आणि वेट हे स्तंभ. ही शीर्षके मात्र इंग्रजी अक्षरांतच टंकायची, नाहीतर गेफी ती ओळखत नाही. एकाच जोडीची अनेक उत्तरे स्प्रेडशीटच्या पिव्हट टेबलने (ओळींचा सारांश करणारी सोय) आधीच एका ओळीत आणा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली मजकूर-फाइल) म्हणून जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडा, नाहीतर देवनागरीचा चिखल होतो. आधी माणसांची फाइल आत घ्या, मग दुव्यांची. दुसऱ्या वेळी चालू कार्यक्षेत्रातच भर घालण्याचा पर्याय निवडायला विसरू नका.

माणसांची फाइल वेगळी कशाला, असे वाटेल. गटात ४० जण आहेत आणि त्यांतले १२ जण ना कोणाला उत्तर देतात ना त्यांना कोणी, असे समजा. एकूण दुवे २३४. शक्य असलेले दिशायुक्त दुवे ४० × ३९, म्हणजे १५६०, घनता (प्रत्यक्ष दुवे भागिले शक्य दुवे) ०.१५. फक्त दुव्यांची फाइल घेतली तर ते १२ जण दिसतच नाहीत, भाजक २८ × २७, म्हणजे ७५६ होतो आणि घनता ०.३१. तोच गट, तेच संदेश, आणि निष्कर्ष दुपटीने ‘घट्ट’. लहान गटाची घनता मोठ्या गटाशी ताडू नका, हेही याच ओघात. माणूस किती जणांशी बोलू शकतो याला मर्यादा असते, म्हणून गट वाढला की घनता घसरतेच.

आपले सॉफ्टवेअर आणि आपला हात तपासायला मानववंशशास्त्रज्ञ झॅकरी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले एका कराटे क्लबमधल्या सदस्यांचे जाळे वापरा: ३४ माणसे, ७८ दुवे, दिशा नाही. घनता ०.१३९ यायला हवी, आणि सर्वाधिक दुवे असलेल्या दोघांचे आकडे १७ आणि १६. न जुळल्यास फाइल आत घेतानाच काहीतरी बिघडले आहे.

काय मोजायचे

सुरुवातीला तीनच मापे पुरतात: प्रत्येकाला किती जणांकडून उत्तरे आली, त्याने किती जणांना दिली, आणि एकूण दुव्यांपैकी किती दुव्यांची परतफेड झाली (अ ने ब ला आणि ब नेही अ ला उत्तर दिले). येणारी उत्तरे भरपूर आणि जाणारी नगण्य असलेला माणूस सूचना देणारा असतो. उलटे असेल तर बहुधा मदत करणारा.

चौथे माप मध्यस्थतेचे, म्हणजे इतर जोड्यांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती एखाद्यावरून जातात. इथे एक खड्डा आहे. पायथनमधली नेटवर्कएक्स ही लायब्ररी हे माप काढताना वजनाला अंतर समजते. तुमच्या फाइलीत वजन म्हणजे उत्तरांची संख्या; तशीच दिली तर सर्वाधिक बोलणारी जोडी एकमेकांपासून सर्वांत दूर ठरते. १ भागिले वजन असा नवा स्तंभ करून तो अंतर म्हणून द्या.

आकृती गचडी दिसते म्हणून एक-दोन उत्तरांचे दुवे गाळण्याची पद्धत आहे. ती आम्हाला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले त्याप्रमाणे वेगवेगळ्या टोळक्यांना जोडतात ते सहसा कमकुवत दुवेच. ते गाळले की पूल पडतात आणि मग गट ‘दुभंगलेला’ आढळतो. गाळायचेच असतील तर फक्त चित्रात गाळा, मोजणीत नको.

उपगट शोधण्यासाठी गेफीत मॉड्युलॅरिटी हा पर्याय आहे; उपगटांच्या आत दुवे किती जास्त दाटलेले आहेत याचा तो एक आकडा देतो. त्यामागची लूव्हाँ पद्धत (२००८) दर खेपेला थोडे वेगळे उत्तर देऊ शकते. वीस वेळा चालवा. जे सदस्य कधी या उपगटात तर कधी त्या उपगटात जातात त्यांना कुठेच पक्के बसवू नका. दुसरे असे की निव्वळ यादृच्छिक जाळ्यातही ही पद्धत उपगट ‘शोधून’ देते. म्हणून प्रत्येकाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या दुव्यांची संख्या तीच ठेवून, फक्त जोड्या बदलून १००० जाळी तयार करा. तुमच्या गटाचा मॉड्युलॅरिटीचा आकडा त्यांतल्या किमान ९५० जाळ्यांपेक्षा जास्त असेल तरच उपगटांविषयी बोला. परतफेडीच्या आकड्यालाही हीच कसोटी.

दुवे कशामुळे जुळतात हे तपासायला साधे रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारे संख्याशास्त्रीय गणित) इथे चालत नाही. एका माणसाचे दुवे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा पक्का भासतो. क्यूएपी ही फेरमांडणीची चाचणी वापरा; ती माणसांचे क्रमांक आपसात पुन्हा पुन्हा फिरवून तुमचा निकाल निव्वळ योगायोगाने येऊ शकला असता का ते पाहते.

चित्र शेवटी

फोर्सअ‍ॅटलास २ (गेफीतली बिंदू आपोआप मांडणारी पद्धत) सारख्या मांडणीत सुरुवातीची जागा बदलली की बिंदूंच्या, म्हणजे माणसांच्या, जागा बदलतात. दोन बिंदू कागदावर जवळ आले म्हणून ती माणसे जवळची ठरत नाहीत, आणि मधोमध दिसणारा बिंदू मध्यस्थ असेलच असे नाही. बिंदूचा आकार एकाच मापाला बांधा आणि ते माप चित्राखाली लिहा.

लहान गटात नावे काढलेले चित्रही सदस्य क्षणात ओळखतात. सर्वांत मोठा बिंदू कोणाचा, हे त्यांना सांगावे लागत नाही. गटाला निष्कर्ष परत देताना व्यक्तींऐवजी भूमिकांनुसार एकत्र केलेले जाळे द्या (जुने सदस्य, नवे सदस्य, संयोजक), आणि एखाद्या भूमिकेत तीनपेक्षा कमी माणसे असतील तर ती शेजारच्या भूमिकेत मिळवा. नाव-क्रमांकाची यादी कोणत्या तारखेला नष्ट करणार हे संमतीपत्रातच लिहिलेले असावे.