खरा वैरी कसा ओळखायचा

पुतण्या शनिवारी रात्रभर मोबाइलवर अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघतो अन् सकाळी विचारतो, "काका, ह्या संघांचा खरा वैरी कोणता?" मी परभणीत वीस वर्षं कबड्डीची पोरं तयार केली, म्हणून माझी पारख सांगतो.

आधी बांध बघा. लांबच्याशी नुसता सामना होतो, वैर भावकीशीच. अलाबामा आणि ऑबर्न ही दोन विद्यापीठं एकाच अलाबामा राज्यातली. 1907 ला 6-6 बरोबरी झाली, मग खेळाडूंचा भत्ता अन् पंच यांवरून असं फाटलं की 1948 पर्यंत सामनाच नाही! आपल्याकडं बांधावरच्या लिंबावरून दोन पिढ्या बोलत नाहीत, तसंच.

मग मैदानाबाहेर काय चालतं ते बघा. मिशिगन विद्यापीठाशी सामना असला की त्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर मिशिगनचा 'एम' दिसला रे दिसला की लाल पट्टीची फुली. आमच्या पोरांनी शेजारच्या तालुक्याच्या रंगाची बनियन घालणं सोडलं, तेव्हाच मी ओळखलं.

गुणतक्त्याला फार भाव देऊ नका. एकतर्फी वैर मात्र बाद. तुम्ही जळताय अन् समोरच्याला तुमचं नावही आठवत नाही, तर कसला वैरी? हरल्यावर त्यांच्या गावच्या एसटीत चढायला पाय अडखळतो का, तेवढं तपासा.