सरळ केलेले केस पुन्हा मूळ वळणावर आणताना

रिलॅक्सरने किंवा रीबॉन्डिंगने सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही. तेल, मास्क, प्रोटीन, काहीही लावा. केसातलं केराटिन हे प्रोटीन गंधकाच्या बंधांनी बांधलेलं असतं आणि केसाचं वळण टिकतं ते मुख्यतः या बंधांमुळे. रिलॅक्सरमधलं सोडियम हायड्रॉक्साइड हे बंध तोडतं आणि त्यांच्या जागी न उलटणारे वेगळे बंध तयार होतात. रीबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट बंध तोडतं आणि न्यूट्रलायझर ते सरळ स्थितीतच पुन्हा जोडतो. दोन्हींत रसायन लागलेला भाग कायमचा सरळ. मुळाशी मात्र केस आपल्या वळणानेच उगवत राहतो. त्यामुळे करायचं एवढंच असतं: नवा वाढू द्यायचा, जुना कापत जायचा आणि तोवर दोघांमधला सांधा तुटू द्यायचा नाही. तिसरं काम सगळ्यात अवघड.

आधी एक खात्री करून घ्या. ‘केराटिन ट्रीटमेंट’ नावाने जे होतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत केसावर फक्त थर बसतो आणि तो काही महिन्यांत धुऊन जातो. शेवटच्या ट्रीटमेंटला सहा महिने झाले, ओले केस टोकापर्यंत वळण घेताहेत, तर कापायची गरजच नाही. मुळाशी वळण आणि खाली सपाट दोरी असं दिसलं, तरच पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी वाढतो; अगदी घट्ट, स्प्रिंगसारख्या केसाची वाढ बहुधा थोडी कमी. म्हणजे वर्षभरात हाती येतात १२ ते १५ सेंमी, आणि घट्ट कुरळे केस वाळल्यावर आखडून त्याच्या निम्म्याहून कमी दिसू शकतात. ज्यांना आखूड केस चालतात त्यांनी ४–५ सेंमी वाढ झाली की जुना भाग एकदमच कापून टाकावा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. लांबी सोडवत नसेल तर दीड-दोन वर्षं धरून चला आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी १ ते २ सेंमी टोकं कापा. कमी कापलंत तर सांधा तुमच्याकडे जास्त काळ राहील, जास्त कापलंत तर तो लवकर संपेल. घाई किती, ते तुम्ही ठरवा.

बहुतेक केस तुटतात ते धुताना. ओला केस मऊ होतो, ताणला जातो आणि ताण आला की कुरळ्या-सरळ भागांच्या सीमेवरच मोडतो. म्हणून धुण्याआधी कोरड्या केसांचे चार ते सहा भाग करून प्रत्येकाला सैल पीळ घाला. खोबरेल तेल लावायचं तर धुण्याआधी लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. लांबीवर वरून ओघळणारा फेस पुरतो. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, सगळा गुंता तिथेच होतो. मग एक-एक भाग सोडून त्यावर भरपूर कंडिशनर लावा, इतका की केस हातातून निसटायला हवा. आधी बोटांनी, नंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा. सुरुवात टोकाकडून करा आणि दोन-दोन बोटं वर सरका. सांध्यापाशी पोचलात की त्याच्या वर मुळाशी बट चिमटीत धरून ठेवा, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. गाठ सुटत नसेल तर अजून कंडिशनर लावा; कंगवा जोरात ओढू नका. सोडवलेल्या भागाला पुन्हा पीळ घालून तसाच पाण्याखाली धरा. टॉवेलने घासू नका, जुन्या सुती टीशर्टने दाबून टिपा.

प्रोटीन की ओलावा, हा घोळ सगळ्यांचाच होतो. एक ओला केस हलकेच ताणून बघा. थोडा ताणून परत आला तर ठीक. च्युइंगमसारखा ताणत जाऊन परत येत नसेल तर प्रोटीन कमी आहे. न ताणता पटकन तुटला तर ओलावा हवा आहे आणि प्रोटीन थांबवायला हवं. सरळ केलेल्या भागाला चार ते सहा आठवड्यांतून एकदा प्रोटीन पुरतं. दर आठवड्याला लावलंत तर केस काडीसारखे कडक होतात आणि आणखी तुटतात.

दोन वळणं एकसारखी दाखवायची युक्ती साधी आहे. ओलसर केसांना थोडं जेल किंवा क्रीम लावून दुपेडी पीळ किंवा तिपेडी वेण्या घाला. सपाट टोकं पिळात टिकत नाहीत, म्हणून ती मऊ रोलरवर गुंडाळा. केस पूर्ण वाळल्याशिवाय सोडू नका. आत जराशी ओल राहिली तरी सगळं फुगतं. वेण्या घट्ट नकोत. कपाळाच्या कडेला दुखलं किंवा बारीक पुळ्या आल्या तर त्या लगेच सोडा. सतत ओढ बसली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. इस्त्रीने मुळं ‘जुळवून’ घेण्याचा मोह होतोच. तो आवरा, कारण उष्णतेने नव्या केसाचंही वळण बिघडतं, आणि मग वाढवलेलं तेच कापावं लागतं. ओल्या केसावर इस्त्री तर नाहीच: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या पडतात. ब्लीचही या काळात बंद.

एक चूक मात्र महागात पडते. हायड्रॉक्साइड रिलॅक्सर लागलेल्या केसावर थायोग्लायकोलेटचं रीबॉन्डिंग किंवा पर्मिंग (रसायनाने केस कुरळे करणं), किंवा त्याच्या उलट. ही दोन रसायनं एकाच केसावर चालत नाहीत, केस झडझडून तुटतात.

कंगव्यात केस दिसले की घाबरण्याआधी नीट बघा. पूर्ण लांबीचा आणि टोकाला बारीक पांढरी गाठ असलेला केस म्हणजे नेहमीची गळती. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तूट. तुकडे वाढले तर सोडवायची पद्धत सुधारा आणि पुढची कापणी लवकर करा. टाळूवर चट्टे किंवा विरळ पट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटचं कापणं ओल्या केसांवरच करा, कारण सांधा तेव्हाच स्पष्ट दिसतो: वर वळण, खाली सरळ शेपूट. बोटाएवढ्या बटा घेऊन प्रत्येक बट तिच्या सांध्यावर वेगळी कापा. मानेपाशी आणि माथ्यावर वाढ सारखी नसते, त्यामुळे एका रेषेत कापलंत तर कुठेतरी शेपटं उरतात. तरी काही राहतीलच. पुढच्या दोन-तीन धुण्यांत ती ओल्या केसांत लोंबताना दिसतील, तेव्हा छाटून टाका.