गिगाबिट राउटर घेताना आधी पोर्ट वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर राउटर मागितला की खोक्यावरचा मोठा आकडा समोर येतो: एसी१२००. हा आकडा नुसत्या वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळवून वर गोल केलेला. वायरीशी त्याचा काही संबंध नाही. खोकं उलटं करून पोर्टसमोरची बारीक अक्षरं वाचा. ‘१०/१००’ (जास्तीत जास्त १०० एमबीपीएस) लिहिलं असेल तर परत ठेवा. ‘१०/१००/१०००’ (म्हणजे गिगाबिट) हवं, वॅन (बाहेरून नेट येतं तो पोर्ट) आणि लॅन (घरातली यंत्रं जोडायचे पोर्ट) दोन्हीकडे. टीपी-लिंकचंच बघा: आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२००, पण सी५०चे पोर्ट १००चे, सी६चे गिगाबिट.

प्लॅन १०० एमबीपीएसचाच असेल तर मात्र जास्त पैसे घालू नका. १००च्या पोर्टवर ९४च्या आसपास मिळतातच. खरी कोंडी १५० किंवा २००च्या प्लॅनवर होते: बिल २००चं, वायरीवर हातात ९४.

नवा राउटर लावूनही आकडा तिथेच अडला तर वायर तपासा. १००ला चार तारा पुरतात (पिन १, २, ३, ६), गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्यांपैकी एक तुटली की जोडणी बहुतेक वेळा गुपचूप १००वर उतरते. नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. इमारतीच्या डक्टमधून आलेली जुनी वायर, दोन पावसाळ्यांत हिरवट पडलेल्या पिना हे नेहमीचे संशयित. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे क्रिम्प करून घ्या, स्वस्तात भागतं. वायरच बदलायची तर कॅट५ई प्रकारची पुरे, पण शुद्ध तांब्याची. तार ब्लेडने खरवडा. आतून रुपेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची, वळणावर मोडते.

फायबर असेल तर ओएनटीचाही (फायबर जिथे येऊन संपते त्या डबीचाही) पोर्ट बघा. काहींवर एकच गिगाबिट असतो. ‘जीई’ (गिगाबिट) लिहिलेल्यात वायर लावा, ‘एफई’मध्ये (१००चा) नको.

जुना राउटर काढण्याआधी केबलवाल्याकडून पीपीपीओईचं (राउटरने नेटला लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. ते बरोबर टाकूनही जोडणी झाली नाही, तर त्याने जुन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो, म्हणजे नेट फक्त त्याच पत्त्याला मिळतं. नव्यात ‘मॅक क्लोन’मध्ये जुन्याच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. तळाचा आणि वॅनचा पत्ता कधी शेवटच्या अंकाने वेगळा असतो, तेव्हा जुन्याच्या स्टेटस पानावरून वॅनचा घ्या.