तैनातीवरून घरी आलेल्या सैनिकाला परत घरात रुळायला कशी मदत करायची

तो आल्या आल्या घर भरून पाहुणे बोलावू नका, हे आधीच सांगतो. सगळ्यांना भेटायचं असतं हे मान्य, पण ज्याने कित्येक महिने मोजक्या चेहऱ्यांसोबत आणि सतत कान टवकारून काढलेत त्याला एकाच खोलीत एवढी माणसं, एवढे आवाज आणि वर प्रत्येकजण पाठीवर थाप मारतोय हे झेपत नाही. काही सैन्यांनी तर या मधल्या काळाची सोयच करून ठेवली, म्हणजे २००२ मध्ये अफगाणिस्तानातून परतणाऱ्या कॅनडाच्या सैनिकांना आधी ग्वाम बेटावर थांबवलं होतं, नंतर ब्रिटिश सैनिक तसेच सायप्रसला थांबून मग घरी जायचे, आपल्याच तुकडीतल्या लोकांबरोबर थोडा आराम थोड्या गप्पा आणि मग घर. तुमच्या माणसाला असा थांबा मिळाला नसेल तर पहिले काही दिवस घरच तसं ठेवा, बाकीचे भेटतील हळूहळू. (मी सगळीकडे ‘तो’ लिहितोय पण बाई सैनिक असेल तरी हेच, उलट ‘आई आली म्हणजे आता सगळं पहिल्यासारखं’ ही अपेक्षा तिच्यावर जास्तच असते.)

आता मुख्य मुद्दा. घरी आल्यावर जे वागणं आपल्याला विचित्र वाटतं ते बहुतेक वेळा तिथे जीव वाचवणारं असतं. अमेरिकेच्या वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूटने बॅटलमाइंड नावाचं ट्रेनिंग बनवलं होतं ते याच विचारावर, की रणांगणावरची कौशल्यं घरी तशीच्या तशी चालवली की त्रास होतो. गाडी रस्त्याच्या मधून आणि भरधाव चालवणं, कडेला पडलेलं खोकं दिसलं की दचकून वळवणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसणं, वस्तू जागेवर नसली की भडकणं, कुठे चाललोय ते न सांगणं, घरच्यांना ऑर्डरी सोडणं, हे सगळं त्यातलंच. म्हणून ‘आता घरी आहेस ना, रिलॅक्स हो की’ असं म्हणून काही होत नाही, शरीराला ते ऐकूच येत नाही. त्यापेक्षा भिंतीकडची खुर्ची त्याला द्या, सुरुवातीचे काही आठवडे गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवा, फटाके वाजणार असतील तर आधी सांगून ठेवा, खरेदीला गर्दी नसेल तेव्हा जा आणि निघायचं असेल तर काय खूण करायची ते घरूनच ठरवून निघा, मग खूण केली की दोघांनी मुकाट्याने बाहेर पडायचं, प्रश्न नंतर.

झोपेचं वेगळं सांगायला हवं. झोपलेल्याला हलवून उठवू नका, वरून वाकून तर अजिबात नको, पायाकडे थोडं लांब उभं राहून नाव घ्या. लहान मुलांनाही हे शिकवा. झोपेत हातपाय झाडत असेल तर काही दिवस वेगळं झोपलात म्हणून संसार मोडत नाही. आणि झोप येत नाही म्हणून रोज दारू सुरू झाली तर तिकडे लक्ष ठेवा, दारूने डोळा लागतो पण झोप तुकड्या-तुकड्यांची होते.

घरातल्या कारभारावरून सगळ्यात जास्त खटके उडतात आणि त्याबद्दल आधी कोणी बोलतच नाही. तो नसताना बिलं, शाळा, आजारपणं, गळके नळ सगळं तुम्ही एकटीने निभावलंय, आणि हा आल्या दिवशी विचारतो की हे असं का ठेवलंय. किंवा उलट, पाहुण्यासारखा बसून राहतो कारण त्याच्याशिवाय घर नीट चाललेलं त्याला दिसतं आणि आपली इथे गरजच काय असं त्याला वाटायला लागतं. एकदम सगळं त्याच्यावर टाकू नका आणि सगळं स्वतःकडेही धरून बसू नका. एक काम पूर्ण त्याचं करा, मुलांना सोडणं-आणणं म्हणा नाहीतर बिलं भरणं म्हणा, आणि मग त्यात बोट घालू नका, त्याने वेगळ्या पद्धतीने केलं तरी. पैशाचंही बोलून घ्या, साठलेला पगार हातात असतो आणि नवी गाडी घ्यायची हुक्की येते, मोठ्या खरेदीला दोन-तीन महिने थांबायचं असं दोघांनी आधीच ठरवलेलं बरं.

तान्हं बाळ ओळखणार नाही, रडेल, जबरदस्तीने कडेवर देऊ नका, बापाने जमिनीवर बसून खेळत राहावं म्हणजे ते आपणच येतं. मोठी मुलं फुरंगटतात, टीनएजर तर बोलतच नाहीत. शिस्तीचे नियम काही आठवडे घरी राहिलेल्याचेच चालू द्या.

‘किती मारले?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, पाहुण्यांनीही नाही, आणि विचारलाच तर विषय तुम्ही बदला. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल, बहुतेक चालताना किंवा गाडीत, समोरासमोर बसून नाही. तुकडीतल्या मित्रांशी तासभर फोन चालतो आणि तुमच्याशी दोन वाक्यं, याचं वाईट वाटतं हे खरं, पण ते फोन बंद करायला लावू नका.

सुरुवातीचे दिवस छान जातात आणि त्रास काही महिन्यांनी वर येतो असंही होतं, त्यामुळे लगेच निर्धास्त होऊ नका. दुःस्वप्नं, दचकणं, आठवण येईल अशा जागा टाळणं, माणसांपासून तुटणं हे महिनाभराच्या वर चाललं आणि रोजचं जगणं अडायला लागलं तर पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, असू शकतो, १९८० पासून त्याला वैद्यकीय निदान म्हणून मान्यता आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत, ट्रॉमावर काम करणारी टॉक थेरपी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर काम करायची थेरपी) वगैरे. जवळ स्फोट झाला असेल आणि डोकेदुखी, विसराळूपणा, उजेडाचा त्रास असेल तर मेंदूला मार लागलाय का तेही डॉक्टरकडून बघून घ्या. जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागला तर आत्महत्येचा विचार येतोय का हे स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात बंदूक असेल तर ती घराबाहेर हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. आणि हात उगारला गेला तर आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित जागी, युद्ध हे कारण असेल पण परवानगी नाही.

डॉक्टरकडे ‘तू जा’ म्हटलं की बहुतेक जात नाहीत. ‘मंगळवारची वेळ घेतलीय, मी पण येतेय, एकदाच जाऊन बघू’ असं म्हणून बघा.